बगदादपर्यंतचा नकाशा

इराकयुद्धाचा विषय निघाला की चर्चा न सापडलेल्या संहारक शस्त्रांपाशी येऊन थांबते. तो खोटेपणा आता जगजाहीर आहे. मला मात्र त्या स्वारीची आखणी अधिक अस्वस्थ करते.

अफगाणिस्तानात लढाई सुरू असतानाच, नोव्हेंबर 2001 मध्ये बुश यांनी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना इराकची योजना तपासायला सांगितली. कपाटातल्या जुन्या योजनेत चार ते पाच लाख सैनिक धरले होते. रम्सफेल्डना ते फार वाटले. थोडी फौज, वेगवान चढाई, अचूक बॉम्ब हा त्यांचा हट्ट होता. जनरल टॉमी फ्रँक्स प्रत्येक नव्या आराखड्यात फौज कमी करत गेले. फेब्रुवारी 2003 मध्ये लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की युद्धानंतर देश सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत रम्सफेल्ड यांचे उपमंत्री वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज उडवून लावला. 1 मार्चला तुर्कस्तानच्या संसदेत परवानगीचा ठराव पडला आणि उत्तरेकडून घुसायचा बेतही बारगळला. तरीही 20 मार्चला स्वारी सुरू झाली आणि 9 एप्रिलला बगदाद पडलं.

लढाई म्हणून योजना यशस्वी झाली, हे मान्य करावंच लागेल. पण नकाशा बगदादला संपत होता. तेल मंत्रालयाबाहेर रणगाडे उभे राहिले. राष्ट्रीय संग्रहालय मात्र लुटलं गेलं, सुमारे 15 हजार वस्तू गेल्या. राष्ट्रीय ग्रंथालय जळालं. (1258 च्या हुलागूची आठवण कुणाला झाली नसेल?) 23 मे रोजी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमाने इराकी लष्करच बरखास्त केलं. हाताशी बंदूक असलेले लाखो पुरुष एका दिवसात बेरोजगार झाले. त्यांतले काही पुढे बंडखोरांना जाऊन मिळाले, काही ‘इसिस’मध्ये गेले.

आपल्याकडे काही जण याला नुसतं धर्मयुद्ध म्हणतात आणि सद्दामला शहीद ठरवून मोकळे होतात. हलब्जात 1988 मध्ये विषारी वायूने मेलेले कुर्दही मुसलमानच होते, हे त्यांना कुणी विचारत नाही. सद्दाम जुलमी होता आणि ही स्वारीही गुन्हा होती. दोन्ही एकाच दमात बोलायला काय हरकत आहे?

पुढे अमेरिकेने भारताकडेही फौज मागितली. जुलै 2003 मध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नकार दिला. त्या सरकारशी माझे शंभर मतभेद असतील, पण तो नकार बरोबर होता. ज्या आराखड्यात दुसरा दिवसच नव्हता, तो निस्तरायला आपली पोरं कशाला पाठवायची होती?