गेल्या वर्षीचा भाव

मामांनी मक्याचा दाणा दाढेखाली धरला, कट् आवाज झाला, आणि ते समाधानाने थुंकले. "वाळली." ताडपत्रीवर आठ दिवस उन्हात पसरलेला मका दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने येवल्याला गेला. तिथे व्यापाऱ्याने ढिगात हात घातला, मूठभर दाणे यंत्रात टाकले: 17 टक्के ओलावा. मामांची दाढ तिथे चालत नाही.

2025च्या खरिपाचा हमीभाव 2400 रुपये क्विंटल होता, पण ओलावा 14 टक्क्यांच्या आत हवा होता. लिलावात बोली सोळाशेच्या पुढे सरकेना.

"मागल्या साली बावीसशेनं गेली होती रे. म्हणून तर यंदा सोयाबीन सोडून मका लावली," मामा म्हणाले. (मामांची मका बाईमाणूस, माझा शहरी मका पुरुष.)

मामा एकटे नव्हते. 2025च्या खरिपात देशभर मक्याचा पेरा सुमारे 10 लाख हेक्टरने वाढला. त्याचं मूळ डिसेंबर 2023मध्ये आहे. केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, डिस्टिलरी मक्याकडे वळल्या. मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे ठरले. तोवर कोंबड्यांचं खाद्य आणि स्टार्च एवढ्यावर जगणाऱ्या पिकाला अचानक श्रीमंत गिऱ्हाईक मिळालं.

पुढचा भाग मला फार खटकतो. इथेनॉल काढल्यावर प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. तो स्वस्तात कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागला आणि तिथून सोयाबीनची पेंड हटली. सोयाबीनचा भाव आणखी बसला. मग सोयाबीनवाला वैतागून कशाकडे वळला? मक्याकडेच! म्हणजे मक्याच्या चोथ्यानेच मक्याचा पेरा वाढवला. आणि त्याच चोथ्याने खाद्यातल्या मक्याचीही थोडी जागा खाल्ली.

इकडे गिऱ्हाईक तृप्त होत होतं. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण 2025मध्ये 20 टक्क्यांवर पोचलं, दरवर्षी वाढणारी भूक थांबली. सरकारने गोदामातला तांदूळ क्विंटलला 2250 रुपयांनी डिस्टिलरींना दिला, पुढच्या हंगामासाठी उसावरची बंधनंही उठवली. यातलं एकही पेरणीच्या दिवशी शेतात दिसत नाही. दिसतो तो गेल्या वर्षीचा भाव, कारण हातात असलेला आकडा तेवढाच. शेतकऱ्याने बाजाराचा अभ्यास करावा असं सांगणाऱ्यांनी हा अभ्यास जूनमध्ये करून दाखवावा.

मामांनी अर्धा मका विकला, अर्धा परत आणला. परतताना रस्त्याकडेच्या शेतांत कांद्याच्या रोपांचे वाफे दिसत होते, एकाला लागून एक. मामा बराच वेळ बघत राहिले, मग खिशातून फोन काढला.

"हां भाऊ, उन्हाळ कांद्याचं रोप मिळंल का दोन एकराचं? काय म्हनता, आत्ताच संपत आलं?"