नोकरीचे स्थळ

मुलीचे लग्न ठरवावयाचे झाले, की आपल्या इंदुरी मराठी घरांतून चौकशीचे केवढे चक्र फिरू लागते! मुलाचा आतेभाऊ देवासला, त्याच्या शेजारी आपल्या वहिनींची मावशी. घरावर कर्ज आहे काय, सासूबाईंचा स्वभाव कसा, हे सारे आठ दिवसांत कळते. त्याच मुलीच्या हाती नोकरीचे पत्र आले, तर मात्र आपण पगाराचा आकडा वाचतो आणि देवापुढे पेढे ठेवतो.

आमच्या धाकट्या भगिनीची कन्या मध्यंतरी अशी दोन पत्रे घेऊन आली. एक विजयनगरातील काचेच्या इमारतीमधल्या कचेरीचे; दुसरे पिथमपूरच्या एका मध्यम कारखान्याचे, पगार पाच हजारांनी कमी. "मामा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. काचेची इमारत तिच्या आईला अगोदरच पसंत होती.

आम्हांला मात्र इमारतींची भुरळ पडत नाही. आमच्या पिढीने हुकूमचंद मिल पाहिली आहे. १९१५ सालची ती गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली आणि कामगारांच्या २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा मार्ग मोकळा होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. बत्तीस वर्षे! तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. त्यांच्या विधवांनी कागदांवर सह्या केल्या. गिरणीचा भोंगा ऐकून घड्याळ लावणाऱ्या शहराला, भोंगाच कधी थांबेल, हे कोठून सुचावे?

त्या काळी चौकशी करावी तर कोठे, हाच प्रश्न होता. आज तसे नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापना, भागभांडवल आणि तिच्या मालमत्तेवरील कर्जाचा बोजा पाहता येतो. थोडे शुल्क भरल्यास ताळेबंदही मिळतो. शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना तर दरवर्षी किती कायम कर्मचारी सोडून जातात, हेही अहवालात सांगावे लागते. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव घातले, की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती माणसांचा, ते दिसते. आमच्या मते, नोकरी शोधणाऱ्याने पहिल्यांदा उघडावे ते हेच पान. पगार लांबू लागण्याच्या सुमारासच बहुधा निधीचा भरणाही अडखळू लागतो.

काचेच्या कचेरीचे वय निघाले चौदा महिने. भांडवल एक लाख रुपये. पत्राच्या मागल्या पानावर 'प्रशिक्षणाची अनामत' म्हणून पंचवीस हजारांची मागणीही होती, ती घरात कोणी वाचलीच नव्हती. ते पत्र आम्ही तेथेच बाजूस ठेवले. भगिनी दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

कारखान्याचा भरणा महिन्याच्या महिन्याला होता. पण दोन वर्षांत माणसे दोनशे चाळीसवरून एकशे नव्वदांवर आलेली. हे का? येथे एकट्या कंपनीची नव्हे, साऱ्या धंद्याचीच चौकशी हवी होती. कारखाना डिझेल इंजिनाचे सुटे भाग करतो. विजेवरच्या गाडीत इंजिनच नसते; तेव्हा तो माल उद्या कोण घेणार, आणि आज घेणारे गिऱ्हाईक एकच आहे की चार, हे प्रश्न कोणत्याही संकेतस्थळाने सुटणारे नव्हते.

मग आम्ही दोघे सकाळच्या बसने पिथमपूरला गेलो. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेतला. (पोहे बरे होते, इंदूरच्या माणसाने एवढे म्हणणे म्हणजे प्रशस्तीच.) दोघा कारागिरांशी बोलणे झाले. पगार सात तारखेच्या आत, जादा कामाचे पैसे वेगळे. कमी झालेली माणसे बहुतेक कंत्राटी. एका शेडमध्ये नवी यंत्रे बसत आहेत, कशासाठी ते त्यांस ठाऊक नव्हते.

मुलीने तेच व्यवस्थापकांना विचारले, आणि गिऱ्हाइके किती, हेही. उमेदवाराने असे विचारावे याचे त्यांना नवल वाटले. पण त्यांनी उत्तर दिले. गिऱ्हाइके तीन. नवी यंत्रे विजेवरच्या गाड्यांच्या भागांसाठी. काम सुरू होण्यास वर्ष लागेल, आणि मागणी येईलच, असे ते छातीवर हात ठेवून सांगू शकले नाहीत. परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ गप्प होती. राजवाडा आल्यावर म्हणाली, "मामा, त्यांनी खरे सांगितले, हे मला आवडले." सोमवारी ती रुजू झाली.