डिस्लेक्सियाचा वॉक शिरगावात निघाला, तर तपासणीचं काय?

ऑक्टोबर हा डिस्लेक्सिया जनजागृतीचा महिना. दिल्लीत विजय चौकातून वॉक निघतो, मोठ्या सरकारी इमारतींवर लाल दिवे लागतात. असाच वॉक बदलापूर पूर्वेच्या शिरगावात निघाला, तर किती आई-बाप आपल्या पोराचा हात धरून त्यात चालतील? फलक धरायला कुणाची ना नसते. पण ‘त्यांच्या मुलात काहीतरी कमी आहे’ असं चाळीत, सोसायटीत बोललं जाईल, याची धास्ती मोठी असते.

खरं तर डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. पोरगं तोंडी हिशेब पटकन करतं, मोबाईल आपल्याआधी शिकतं, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगतं. वाचायला बसवलं की मात्र अडतं. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, जोडाक्षर दिसलं की गाडी थांबली, वेलांटी-उकार गायब. चुका सगळ्याच मुलांच्या होतात; पण तिसरी-चौथीतही त्याच होत असतील, तर लक्ष द्यायला हवं. शिकण्याच्या अशा अडचणी शंभरात पाच ते पंधरा मुलांना असतात, असा अंदाज आहे. म्हणजे चाळीसच्या वर्गात निदान दोघं. त्यांना आपल्याकडे एकाच अक्षराचं नाव आहे : ‘ढ’.

यात महाराष्ट्र मागे नव्हता. १९९६ मध्ये राज्य सरकारने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ च्या ‘तारे जमीन पर’मुळे हा शब्द घराघरांत गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आणि अशी मुलं लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. मराठीतून तपासणी होत नाही, ही सबबही आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

मग अडतं कुठे? कागदावर. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, या सवलती प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत. त्यासाठी मुंबईत सायन रुग्णालयाचं नाव बरेच जण घेतात. बदलापूरहून जायचं तर फास्ट लोकल सायनला थांबत नाही, मध्ये गाडी बदला. आणि हे एका खेपेत होत नाही. डॉक्टरांची तपासणी वेगळी, बुद्ध्यांक वेगळा, वाचन-लेखनाची चाचणी वेगळी. रोजंदारीवरच्या बापाचा प्रत्येक खेपेला खाडा. म्हणूनच या सवलती इंग्रजी शाळेतल्या, पैसेवाल्या घरच्या मुलांच्या आहेत, असं लोकांना वाटतं. त्यांचं फार चुकत नाही.

त्यामुळे वॉकमध्ये टोप्या आणि फोटो असू देत, पण एक टेबलही हवं. त्यावर पालकांची नावं लिहून घ्यावीत, अंबरनाथ तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवावं. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आपल्याला सायनपेक्षा कितीतरी जवळ. तिथे ही तपासणी कोणत्या दिवशी, कोणाकडे होते, हे चारचौघांत विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. पन्नास पालकांनी मिळून विचारलं, की एकट्या आईला खिडकीवरून परत पाठवणं जमत नाही.

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण दोन इयत्ता एका खोलीत शिकवणाऱ्या बाईंना अशी मुलं ओळखायची कशी, हे कुणीतरी आधी शिकवायला हवं.

पालकांनी घाई कुठे करायची, तेही बघा. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बरेच जण जागे होतात ते दहावीचा फॉर्म भरताना. मूल तिसरी-चौथीत असतानाच मुख्याध्यापकांना तपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.