समुद्रतळाला ग्रामसभा कुठली?

वरठीच्या कारखान्यातले पोलाद असो की जगातले कुठलेही, त्यात मँगनीज लागतेच. भंडारा जिल्ह्याला हे सांगायला नको. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही गावे मँगनीजच्या खाणींसाठीच ओळखली जातात. हेच मँगनीज निकेल, तांबे आणि कोबाल्टसह बटाट्याएवढ्या गोळ्यांच्या रूपात भर समुद्रात, चार ते सहा किलोमीटर खोल तळावर पसरलेले आहे. ते कोणाचे?

हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणाऱ्या विदुषी म्हणजे एलिझाबेथ मान बोर्गेसे. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांच्या त्या कन्या. १९१८ साली म्युनिकमध्ये जन्मल्या. हिटलर सत्तेवर येताच कुटुंबाला देश सोडावा लागला. शिक्षण पियानोचे. कायद्याची किंवा सागरविज्ञानाची पदवी नव्हती. १९६७ साली माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत भूमिका मांडली, की कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा आहे. बोर्गेसेंनी हे काम आपले मानले. १९७० साली माल्टात परिषद भरवली, १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागर संस्था उभारली आणि विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना सागरी कायद्याचे प्रशिक्षण दिले. १९८२ साली संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा झाला, त्यात हे तत्त्व आले. १९९४ पासून तो लागू आहे. बोर्गेसे २००२ साली गेल्या.

सामाईक वारसा म्हणजे आपले गायरान. ते कोणा एकाचे नाही, म्हणून कोणीही नांगर घालावा असे होत नाही. वाटणी न्याय्य हवी आणि पुढच्या पिढीसाठी ते उरलेही पाहिजे. आज पहिल्या अर्ध्याची चर्चा होते, दुसऱ्या अर्ध्याचा विसर पडतो.

हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळचा खोल तळ प्रयोगादाखल नांगरला. २०१५ मध्ये परत जाऊन पाहिले, तर नांगराच्या खुणा जवळपास तशाच होत्या आणि तिथले जीवन पूर्ववत झालेले नव्हते.

हा विषय दूरचा नाही. मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर, म्हणजे विदर्भाच्या सुमारे पाऊण भागाएवढ्या क्षेत्रावर, या गोळ्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. २०२१ साली केंद्राने ४,०७७ कोटींची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. दुसरीकडे अमेरिकेने सागरी कायदा स्वीकारलेलाच नाही आणि २०२५ मध्ये स्वतःच परवाने देण्याची वाट धरली. तीसहून अधिक देश म्हणतात, आधी थांबा.

संशोधन थांबवू नये. खोल समुद्राची माहिती आपल्याला हवीच. मात्र परिणाम नीट कळेपर्यंत उत्खनन नको, ही भूमिका भारतानेही घ्यावी. जमिनीवर खाण निघाली तर जनसुनावणी होते, ग्रामसभेत बोलता येते, जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे हिस्सा मागता येतो. समुद्रतळाच्या जीवांना यातले काहीच नाही. त्यांच्या वतीने बोलायचे तर ते आपणच. वैनगंगेचे पाणीही शेवटी प्राणहिता-गोदावरीतून समुद्रालाच मिळते.