आग्रहाचा घास

राजवाड्याच्या चौकात परवा शाळेतले एक जुने सोबती भेटले. मला पाहून क्षणभर थबकले, मग खांद्यावर हात ठेवून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "काय हो, रिपोर्ट काय आले?" त्यांचा दोष नाही. ज्या माणसाला त्यांनी १२४ किलो वजनाचा पाहिला होता, तो एकाएकी दोन तृतीयांश होऊन समोर उभा राहिला तर मनात पहिली शंका त्या भयंकर रोगाचीच यावयाची. मी सांगितले, "अहो, रोग नव्हे. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली." त्यावर त्यांचा चेहरा उजळण्याऐवजी थोडा पडलाच. "असं होय! म्हणजे चरबी काढवून घेतलीत. त्यापेक्षा रोज सकाळी फिरायला गेला असता तर..."

म्हणजे रोगाने रोडावलो असतो तर सहानुभूती मिळाली असती. उपायाने रोडावलो म्हणून कानपिचक्या. हा न्याय मला नवा नाही. खरे सांगावयाचे तर त्याच्याच धाकाने मी दीड वर्ष ही गोष्ट लपवून ठेवली. कोणी विचारले की "रात्रीचे जेवण सोडले" असे ठोकून देत असे. नात्यातल्या एका सुनेने ते खरे मानले, तीही रात्री उपाशी राहू लागली, आणि महिन्याभराने स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. हा लेख त्या खोट्याचे प्रायश्चित्त समजावा. थोडी तक्रारही आहे, ती पुढे येईल.

सकाळी फिरावयास मी अकरा वर्षे जात होतो. नेहरू पार्कातली झाडे मला ओळखत असतील. तीन वेळा मी वीस-वीस किलो वजन उतरवले आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आले. आपल्या घरांत लठ्ठपणा हा जिभेचा गुन्हा मानतात. पण उतरलेले वजन परत मिळवण्यासाठी शरीरच भूक वाढवते आणि खर्च आखडता घेते, हे आता वैद्यकाला पक्के ठाऊक झाले आहे. निग्रह नावाची वस्तू मजजवळ नव्हती असे नाही. ती दिवसाचे चोवीस तास, वर्षानुवर्षे पुरली नाही, इतकेच.

या शस्त्रक्रियेत चरबीला कोणी हात लावीत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली तिचा पाया घातला. व्रणासाठी जठराचा भाग काढलेले रोगी रोडावतात आणि तसेच राहतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. एकात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकून केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात, जी माझी झाली, जठराच्या वरच्या टोकाशी लिंबाएवढी थैली करून ती थेट लहान आतड्याला पुढच्या बाजूस जोडतात; उरलेले जठर जागच्या जागी राहते, पण अन्न त्याला वळसा घालून जाते. पोट लहान होते एवढाच याचा अर्थ नव्हे. भुकेचे आणि तृप्तीचे जे निरोप पोटाकडून मेंदूकडे जातात तेच बदलतात. मी बारा वर्षांचा मधुमेही. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा इन्सुलिनची मात्रा निम्म्याहून खाली आली होती. वजनाचा काटा तर अजून हललाही नव्हता.

२०२१ ची दिवाळी उरकली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस मला पातळ आहारावर ठेवले. यकृतावरची चरबी त्याने कमी होते आणि शस्त्रक्रियेत हात फिरवावयास जागा मिळते. घरात चकलीचे डबे भरलेले आणि मी ताक पीत बसलेलो! शस्त्रक्रिया पोटाला पाच लहान छिद्रे पाडून झाली. त्याच संध्याकाळी मला उभे करून चालवले, कारण अशा वेळी पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचे भय असते. जिवाचा धोका आज कुशल हातांत हजारी दोन-तीनांच्या आतच असतो, तरी तो शून्य नव्हे. घरी आल्यावर ताप, वाढलेली नाडी, पोटात वाढत जाणारी कळ किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर 'उद्या पाहू' म्हणावयाचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पढवून ठेवलेले बरे. आतला एखादा सांधा पाझरत असू शकतो.

पहिले दोन आठवडे निव्वळ पातळ पदार्थ: वरणाचे निवळ, गाळलेले ताक, डॉक्टरांनी दिलेली प्रथिनाची पूड. मग आणखी दोन आठवडे मऊ खिमट, मग हळूहळू नेहमीचे अन्न. तीन आठवड्यांनी मी बँकेत कामावर गेलो, पण पाण्याची कळशी उचलण्यास दीड महिना बंदी होती. एक घास वीस-पंचवीस वेळा चावावयाचा. जेवताना पाणी नाही. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट-घोट. आपोष्णी घेऊन पानावर बसणाऱ्यांच्या घरात हा नियम समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. आणि आपल्या शाकाहारी स्वयंपाकाचे एक वैगुण्य तेव्हा उघडे पडले. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिन पोटात गेले पाहिजे. वाटीभर वरणात ते पाच-सहा ग्रॅमच असते, आणि वाटीभर वरण तर मला जातच नव्हते! पनीर, चक्का, सोयाबीन, मुगाचे धिरडे यांना पानात पहिला मान द्यावा लागला; भात-पोळी शेवटी, जागा उरली तर. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर या हिशेबात कोठेच बसत नाही.

चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. ते परत येतात, आणि माझे आले. म्हणजे जेवढे आधी होते तेवढे. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून सहा महिने त्याची वेगळी गोळी होती. पोटावरची कातडी सैल लोंबते ती लोंबतेच. तिला व्यायामाचा इलाज नाही.

आता तक्रार.

२०२२ च्या वैशाखात पुतण्याची मुंज होती. मी तोवर तीस किलो उतरलो होतो आणि कोणालाच खरे सांगितलेले नव्हते. आमची आत्या ऐंशीच्या पुढची, पण त्या दिवशी श्रीखंडाचा चक्का तिने स्वतः फेटलेला. पंगतीत ती वाडगा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काय रे, हाडं दिसायला लागलीत तुझी. माझ्या हातचा एवढा घास घे." मी हात आडवा धरला. "माझी शपथ आहे." शेजारचे दोघे तिला सामील झाले. मी घेतले, दोन घास, मग भिडेपोटी तिसरा. वळसा घातलेल्या पोटात साखर थांबत नाही, ती तडक आतड्यात उतरते. वीस मिनिटांत मला दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली, पोटात पीळ पडला. कार्यालयाच्या मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर मी तासभर पडून होतो. बाहेर आत्या सर्वांना सांगत होती की माझ्या हातचे याला आता रुचत नाही. ती पुढे वर्षभर माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाही.

या प्रसंगात चूक कोणाची? माझी पहिली, मी सांगितले असते तर तिने वाडगा पुढे केला नसता. पण सांगितले नाही म्हणून 'नको' या शब्दाला काहीच किंमत नसावी काय? आपण मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या या माळव्यात राहिलो. येथे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते, आणि रात्री सराफ्यात सोन्याची दुकाने मिटली की खाण्याची मांडतात. घरचा आग्रह आणि गावचा चटोरपणा यांची आपण सांगड घातली. पाहुण्याने तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा वाढणे याला आपण अगत्य म्हणतो. ज्याचे पोट लिंबाएवढे झाले आहे त्याच्या दृष्टीने हे अगत्य नव्हे, जुलूम आहे. मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी, म्हातारी माणसे यांच्यावर तो आपण रोज करतोच. माझ्यावर झाला तेव्हा मला कळले. मीही पंगतीत जिलबीचे ताट घेऊन पैजा लावीत फिरलेला माणूस आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. तीस वर्षे रविवारी सकाळी मी आणि सौ. पोहे खावयास जोडीने जात असू. माझ्या चार चमच्यांच्या जेवणाने तो रविवार संपला. एके दिवशी ती भज्यांची कढई चुलीवरून उतरवून ओट्याशी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आता हे करायचं तरी कोणासाठी?" मला उत्तर सुचले नाही. वजन उतरले की माणूस आनंदी होतो असे जाहिरातींत दिसते. पुष्कळसा होतोही, गुडघे दुखत नाहीत, रात्री घोरणे थांबले, राजवाड्याच्या पायऱ्या न थांबता चढतो. पण खाणे हा ज्याचा विरंगुळा, सांत्वन आणि संसारातला संवादही होता, त्याचा तो आधार एका सकाळी काढून घेतलेला असतो. त्या पोकळीत काहीजण मद्याकडे वळतात, आणि वळसा घातलेल्या पोटावर मद्य लवकर व फार चढते. आम्ही दोघांनी रविवारी सकाळी चालावयास जाण्याचे ठरवले. पोह्यांची सर त्याला नाही, हे मान्य करतो.

दुसऱ्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. जीवनसत्त्वे, लोह, चुना आणि बी-बारा यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात, कारण पोटाला वळसा घातल्यावर या गोष्टी नीट शोषल्या जात नाहीत. मला बरे वाटत होते, म्हणून गोळ्या सुटल्या. काही महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या; मग पायातली चप्पल निसटली तरी कळेना. रक्त तपासले तर बी-बाराने तळ गाठला होता. इंजेक्शने सुरू झाली आणि बरेचसे भरून आले; डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून ऊन-गार नीटसे कळत नाही. शस्त्रक्रियेला मी याचा दोष देत नाही. डॉक्टरांनी बजावले होते, कागदावर लिहूनही दिले होते, आणि तो कागद मी विजेच्या बिलांत ठेवला होता.

वजनाविषयी सांगतो. सोळा महिन्यांत मी ८५ किलोवर आलो, तेथे काटा थांबला, आणि आता ८९ आहे. दोन वर्षांनंतर थोडे परत येणे हा नियमच आहे, पराभव नव्हे. मधुमेहाचेही तसेच. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी शंभरात ७२ मधुमेही रोगमुक्त होते, दहा वर्षांनी ३६. ज्यांना अर्धा पेला रिकामा दिसतो त्यांनी हे आकडे घरी भिंतीवर लावावेत. मला त्यांत भरपूर दिसते, कारण बारा वर्षे रोज सुई टोचून घेतलेली आहे. २०२५ पासून भूक मंदावणारी नवी इंजेक्शने आपल्या बाजारात आली आणि पुष्कळजण मला म्हणतात, "उगाच घाई केलीत." असेल. पण ती थांबवली की बहुतेकांचे वजन परत येते. तेथेही जन्माची सोबत आहेच.

ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे ते माझ्याकडे येतात, आणि पहिला प्रश्न नेहमी एकच: किती किलो उतरेल? मी उलट विचारतो, गोळ्या कोण आठवणीने देणार? दर वर्षी रक्त तपासावयास कोण जाणार? आणि तुमच्या आईला सांगितले आहे काय? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक गप्प होतात.

सुनेच्या त्या प्रकारानंतर मी आत्याकडे गेलो आणि सारे सांगितले. पोटाचे चित्र कागदावर काढून दाखवले. तिने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "मग मुंजीत का नाही बोललास, मेल्या?"

त्या भाद्रपदात गौरी जेवल्या त्या दिवशी तिने मला बोलावले. सोळा भाज्यांचा स्वयंपाक. माझ्या पानात सोळा भाज्यांचे सोळा ठिपके होते, बोटाच्या पेराएवढे, आणि वरण देवाच्या नैवेद्याच्या वाटीत. पाण्याचे भांडे नव्हते. पंगतीत कोणी माझ्याकडे वाढपी वळवू लागले की ती कोपऱ्यातून ओरडत होती, "त्याला नको!" पुरणपोळीचा एक चतकोर तिने स्वतः आणला. मी त्यातला अर्धा खाल्ला. उरलेला तिने कागदात बांधून सौ.च्या हाती दिला.