फ्रिज थांबतच नाही, काय करावं?



दिघ्याहून एका भगिनीनं आम्हाला विचारलं आहे : ‘आमचा फ्रिज रात्रंदिवस घरघरत असतो, बंद म्हणून होत नाही. विजेचं बिल वाढलं. मेकॅनिकनं पाच मिनिटांत सांगितलं की गॅस संपला, भरून घ्या. बकरी ईद तोंडावर आहे. गॅस भरावा की नवा फ्रिज घ्यावा?’

आमचं उत्तर असं की, या दोन्हींवर आत्ताच पैसे घालू नका. आधी घरच्या घरी थोडी तपासणी करा. फ्रिज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. ती बाहेर पडायला वाट नसेल, दारातून गरम हवा आत शिरत असेल किंवा ‘आता पुरे’ सांगणारा थर्मोस्टॅट बिघडला असेल, तर तो थांबत नाही. यात गॅसचा संबंध नसतो.

खरंच थांबत नाही का? इल्ठणपाड्यासारख्या वस्तीत पत्र्याखालची खोली मे महिन्यात तापते, तेव्हा दुपारी कॉम्प्रेसर जवळजवळ सलग चालणं नवल नाही. फ्रिजवर ‘इन्व्हर्टर’ लिहिलेलं असेल, तर तो हळू गतीनं बराच वेळ चालावा अशीच त्याची रचना असते. म्हणून परीक्षा पहाटे घ्या. इशानंतर दार उघडू नका आणि फजरच्या सुमारास तासभर कान द्या. साधा फ्रिज त्या गार वेळीही एकदा थांबला नाही, तर दोष आहे असं समजा.

आत गार आहे का? सगळं निदान या प्रश्नावर अवलंबून आहे. दूध-भाजी गोठेपर्यंत गारवा आहे आणि तरी फ्रिज थांबत नाही, तर बटण सगळ्यात कमीवर आणा. तासा-दोन तासांनीही तो चालूच राहिला, तर थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर बदलावा लागेल. गॅस उत्तम आहे. गारवा हाच त्याचा पुरावा. मात्र गारवा कमी असेल, तर पुढच्या गोष्टी क्रमानं पाहा.

मागची बाजू. प्लग काढून फ्रिज पुढे ओढा. मागे काळी जाळी असेल, तर तिच्यावरची धूळ मऊ ब्रशनं झाडा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या घरांत ती लवकर साचते. फ्रिज आणि भिंत यांत वीतभर तरी जागा ठेवा. जाळी दिसत नसेल, तर उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. तिथेही मोकळी जागा हवी. एका खोलीच्या संसारात शेगडी आणि फ्रिज शेजारी येतात. दोन हात अंतर जमत नसेल, तर निदान मधे एखादी फळी उभी करा.

दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली, तर तिथून गरम हवा आत जाते. चारही बाजूंनी असं करून पाहा. रबर चिकट झालं असेल, तर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा. फाटलं असेल तर बदला.

बर्फ. साध्या फ्रिजमध्ये बोटभर बर्फ साचला, की गारवा खाली पोचत नाही. डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि तो विरघळू द्या. सुरीनं कधीही खरवडू नका. टोक लागून पत्रा फुटला, की गॅस मात्र खरोखर जाईल. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हवेची भोकं पिशव्यांनी बंद झाली नाहीत ना, ते पाहा.

एवढं करून दोन दिवस वाट पाहा. तरी फरक नसेल, तर मेकॅनिकला बोलवा. फ्रिजचा गॅस बंद नळ्यांत फिरतो. गाडीच्या पेट्रोलसारखा तो वापरून संपत नाही. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकी कोरडं आणि मागची जाळी जेमतेम कोमट, ही गळतीची खूण. म्हणून मेकॅनिकला विचारा : गळती कुठे सापडली? ती बंद केली का? पावती आणि गॅरंटी देणार का? गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

आणखी एक सावधगिरी. फ्रिजच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं असेल, तर तो गॅस पेट घेणारा असतो. काम चालू असताना खिडक्या-दार उघडे ठेवा, शेगडी विझवा, मुलांना बाहेर पाठवा. जळका वास आला, प्लग तापला किंवा हाताला झटका बसला, तर तपासणी करत बसू नका. मेन स्विच बंद करून मग प्लग काढा. फ्रिजची पिन एक्स्टेन्शन बोर्डात नको, थेट अर्थिंगच्या सॉकेटमध्ये हवी.

बिलाचा हिशेबही पाहा. कॉम्प्रेसर १२० वॅटचा धरला आणि तो चोवीस तास चालला, तर महिन्याला सुमारे ८६ युनिट होतात. निम्मा वेळ थांबला तर ४३. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे छोट्या घराला हा फरक दुप्पट बोचतो. इस्राफ म्हणजे केवळ ताटात टाकलेलं अन्न नव्हे. धुळीमुळे फुकट जळणारी वीजही त्यातच येते.

आता ईदबद्दल. कुर्बानीचं ताजं गोश्त उबदार असतं. दहा किलो एकदम कोंबलं, तर चांगला फ्रिजही दिवसभर थांबणार नाही आणि मधलं गोश्त खराब व्हायची भीती राहते. नातेवाइकांचा आणि गरिबांचा हिस्सा त्याच दिवशी पोचवा. आपला हिस्सा पाणी निथळवून, चपट्या छोट्या पिशव्यांत, थोडा थोडा ठेवा. पिशव्यांमध्ये हवा खेळू द्या. दीड-दोन दिवसांत फ्रिज पुन्हा थांबू लागला, तर काळजी नाही. मात्र ही सगळी तपासणी ईदच्या आठवडाभर आधी उरका, कारण सणाच्या दिवशी मेकॅनिक मिळत नाही आणि गोश्त वाट पाहत नाही.