मुंग्यांना आधी लहान घर द्या

मृगाचा पाऊस पडून काळी माती निवली की अमरावती-अकोल्यात संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात. त्यांतली बहुतेक वाळवी असते. चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा मधेच वाकलेल्या असतील तर ती मुंगी. अशात पंख गाळून जमिनीवर जागा शोधत फिरणारी थोराड मुंगळी दिसली, तर ती बहुधा नवी राणी असते. मुंग्या पाळायच्या असतील तर सुरुवात तिच्यापासून करा.

धुऱ्यावरचं किंवा बाभळीच्या बुडाशी असलेलं बीळ खणू नका. राणी खोल असते, ती हाती लागत नाही आणि नांदती वसाहत मोडते. नुसत्या कामकरी मुंग्या बरणीत भरून आणल्या तर त्या काही काळ जगतील, पण त्यांच्यामागे नवी पिढी येणार नाही. मेळघाट किंवा काटेपूर्णा अभयारण्यातून तर एकही जीव उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते मना आहे.

राणीला काचेची एक परीक्षानळी पुरते. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी पुन्हा कापूस. नळी कागदात गुंडाळून अंधारात ठेवा. मुंगळ्याची राणी या दिवसांत काही खात नाही. उडण्याचे स्नायू आता तिच्या कामाचे नसतात. ते आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिलं वाढवते. पहिले कामकरी निघायला महिना-दीड महिना, कधी अधिकही लागतो. रोज उघडून पाहावंसं वाटतं आणि घात तिथंच होतो. हादरे आणि उजेड लागला की राणी स्वतःचीच अंडी खाऊ शकते. म्हणून नळी कूलर-फ्रीजपासून लांब ठेवा. आठवड्यातून एकदाच, तेही लाल उजेडात पाहा. लाल रंग मुंग्यांना फारसा दिसत नाही.

वसाहत वाढली की घराचा प्रश्न येतो. बिळात मुंग्या पिलांना सतत हलवत असतात: वर माती भाजली की खोल ओलीत, थंडीत उन्हानं कोमट झालेल्या वरच्या कप्प्यांत. ही निवड त्यांना घरातही मिळाली पाहिजे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात कप्पे कोरा, एक बाजू ओली ठेवा, दुसरी कोरडी. काचेच्या पेटीत आपली काळी माती भरून घर करू नका. ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते आणि कप्पे ढासळतात. घरही वसाहतीपुरतंच द्या. वीस मुंगळ्यांना भलंमोठं घर दिलं तर रिकाम्या कप्प्यांत त्या कचरा टाकतात, मग बुरशी धरते. खायला साखरेचं पाणी आणि पिलांसाठी मेलेला किडा एवढं बास. फवारणी झालेल्या शेतातला किडा मात्र कधीच नको.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा टिनाखाली ठेवलेली वसाहत एका दुपारीत मरते. मुंग्यांचं घर आतल्या खोलीत, फरशीवर ठेवा आणि ओली बाजू रोज पाहा. सांभाळणं जमेनासं झालं तर जिथली राणी असेल तिथंच, पावसाळ्यात सोडून या. बाहेरगावाहून मागवलेली राणी मात्र घेऊच नका, कारण तिला परत सोडायला आपल्याकडे जागा नाही.